अंगणवाडीताईंशी बोला, लेकराचे वजन विचारा

लेकराला ताप येतो रात्री, घरात. वजन होते दिवसा, अंगणवाडीत. एकीकडची गोष्ट दुसरीकडे पोहोचली नाही तर नुकसान लेकराचे होते. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात सोयाबीनची सोंगणी, कापूस वेचणी सुरू झाली की आई सकाळीच शेतात जाते आणि ताईंचा निरोप आजीमार्फत अर्धाच पोहोचतो. म्हणून नीट बोलणे हेही आरोग्याचेच काम आहे.

पालकांनी दर महिन्याला तीन गोष्टी विचाराव्यात: आज वजन किती भरले? मागच्या महिन्यात किती होते? दंडाचा घेर किती? सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या आत असेल तर मध्यम. दोन्ही पायांवर सूज हेही तीव्र कुपोषणाचे लक्षण असू शकते. सोबत ताप, सुस्ती असेल किंवा बाळ खात नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घरची खरी माहितीही ताईंना द्या. हगवण लागली होती का, घरपोच आहार घरात सगळ्यांनीच खाल्ला का, कामासाठी बाहेरगावी जाणार आहात का, हे लपवू नका.

आपल्या अनेक भगिनी सेविका, मदतनीस आणि आशा आहेत. चारचौघींत "तुझं लेकरू वाळलं" असे म्हटले तर ती आई पुढच्या वेळी वजनाला येणार नाही. तिला बाजूला घेऊन म्हणा, "ताई, बाळ मागच्या महिन्यात नऊ किलो होतं, आज साडेआठ भरलं. घरी आजारपण झालं का?" मग तिचे ऐकून घ्या. तिला जमेल असा एकच उपाय सांगा आणि पुन्हा भेटण्याचा दिवस ठरवा.

आपसांतही बोला. कोणते मूल खिचडी ताटात ठेवून उठते, हे बहुधा मदतनीसलाच आधी दिसते. तिचे म्हणणे सेविकेने ऐकावे. सेविका एक, आशाताई दुसरे आणि नर्सबाई तिसरेच सांगू लागल्या तर पालक कोणाचेच ऐकत नाहीत.

तथागतांच्या अष्टांगिक मार्गातील सम्यक वाचा हीच: खरे बोलावे, चहाडी करू नये, कठोर बोलू नये, व्यर्थ बडबड करू नये. पण सम्यक वाचा म्हणजे गप्प बसणे नव्हे. वस्तीतल्या लेकराला वेगळे बसवले किंवा आहार कमी दिला, तर आधी सेविकेला स्पष्ट विचारा. फरक पडला नाही तर पर्यवेक्षिकेकडे आणि त्यानंतर बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. तारीख आणि घडलेली गोष्ट लिहा, शिवीगाळ नको. अर्जाची पोच घ्या.

या महिन्यात वजनाच्या दिवशी आईबरोबर बाबांनीही अंगणवाडीत जावे. लेकरू दोघांचे आहे.

जय भीम!