अडखळणारे संचलन : व्हिडिओ का अडकतो आणि दोष कसा शोधावा

उन्हाळी सुट्टीत घरी गेलो, तेव्हा बाबांनी आमच्या वार्षिक परेडचा फोनवर काढलेला व्हिडिओ टीव्हीवर लावला. आमच्या टीव्हीला एक जुना संगणक जोडलेला आहे. घरातले सिनेमे, फोटो सगळे त्याच्यावरच पाहतो. बँडचा आवाज स्वच्छ येत होता, चित्र मात्र थांबत, उड्या मारत पुढे सरकत होते. आजीने थोडा वेळ पाहिले आणि विचारले, "काय रे, तुमची तुकडी अशी अडखळत का चालते?"

कित्येक आठवडे भल्या पहाटे सराव केलेल्या तुकडीबद्दल हे ऐकून मी लगेच कामाला लागलो. तीच माझी चूक झाली. त्या संध्याकाळी मी नवा प्लेअर टाकला, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला, एक कोडेक पॅक घेतला आणि बाबांना नवी एचडीएमआय केबल आणायला लावली. व्हिडिओ तसाच राहिला. उलट, आधी नीट चालणाऱ्या एका सिनेमाचा आवाज गेला, आणि तो कोणत्या बदलामुळे गेला हे मला सांगता येईना. बाबा म्हणाले, "जाऊ दे, नवीन संगणकच घेऊ."

परेडमध्ये कदम चुकतो तेव्हा उस्ताद अख्खी तुकडी बदलत नाहीत. कोणाचा पाय चुकतो ते आधी पाहतात. दुसऱ्या दिवशी मी सगळे बदल मागे घेतले आणि त्याच पद्धतीने सुरुवात केली.

चित्राची वाटचाल

पडद्यावर येण्याआधी चित्र चार टप्पे ओलांडते. पहिला टप्पा म्हणजे साठवलेली फाइल. दुसरा, ती येण्याची वाट : डिस्क, पेन ड्राइव्ह किंवा वाय-फाय. तिसरा, दाबून भरलेली माहिती उलगडणे, म्हणजेच डिकोडिंग. चौथा, टीव्हीवर चित्र दाखवणे. सेकंदाला ६० फ्रेमचा व्हिडिओ असेल, तर दर १७ मिलिसेकंदांच्या आत एक नवी फ्रेम तयार व्हावी लागते. उशिरा आलेली फ्रेम प्लेअर टाकून देतो. तेज चलची गती मिनिटाला १२० पावले, म्हणजे एका पावलाला अर्धा सेकंद. त्या अर्ध्या सेकंदातल्या ३० फ्रेमपैकी दहा-बारा गळाल्या, की उचललेला पाय एकदम जमिनीवरच दिसतो. आजीला दिसले ते हेच.

फाइल : तोच व्हिडिओ फोनवर सुरळीत चालत होता. टीव्हीवर तो दर वेळी वेगळ्या जागी अडखळत होता. फाइल खराब असती, तर बहुधा त्याच त्या जागी अडखळली असती. म्हणून फाइल निर्दोष ठरली.

वाट : व्हिडिओ ४ मिनिटांचा आणि फाइल १६०० एमबीची होती. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणून १६०० × ८ = १२,८०० मेगाबिट. त्याला २४० सेकंदांनी भागले, तर सेकंदाला सुमारे ५३ मेगाबिट लागतात. पेन ड्राइव्हवरून ही फाइल संगणकात उतरवायला ८० सेकंद लागले, म्हणजे वेग सेकंदाला १६० मेगाबिट. गरजेच्या तिप्पट. वाटही निर्दोष.

डिकोडिंग : व्हिडिओ चालू ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबली. टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर १०० टक्के कामात होता, आणि ग्राफिक्समधला व्हिडिओ डिकोडचा आलेख शून्यावर. दोषी सापडला होता.

कारण असे. बाबांचा नवा फोन एचईव्हीसी या पद्धतीने फाइल तयार करतो. ही पद्धत २०१३ साली प्रमाणित झाली. तिच्या आधीची एच.२६४ ही २००३ सालची. आमच्या संगणकातला इंटेलचा चौथ्या पिढीचा प्रोसेसर एच.२६४ उलगडायला स्वतंत्र सर्किट वापरतो, पण एचईव्हीसीसाठी असे पूर्ण सर्किट इंटेलने सहाव्या पिढीपासून, म्हणजे २०१५ पासून दिले. त्यामुळे सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडत होता. शिवाय व्हिडिओ फोर-के होता. त्याच्या एका फ्रेममध्ये ३८४० × २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू असतात. आमचा टीव्ही फुल एचडी, म्हणजे सुमारे २१ लाख बिंदूंचा. चौपट मेहनत करून तयार झालेले चित्र टीव्हीवर पुन्हा लहानच होत होते!

उपाय फुकटात झाला. हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅमने मी व्हिडिओची एच.२६४, फुल एचडी, सेकंदाला ३० फ्रेमची प्रत केली. जुन्या संगणकाला बराच वेळ लागला, पण ती प्रत सुरळीत चालली. मूळ फाइल पुसली नाही. प्रत करताना थोडा दर्जा जातोच, म्हणून मूळ जपून ठेवावी.

दुसरा धडा

त्यानंतर परेडच्या फोटोग्राफरने दिलेला व्हिडिओ लावला. तो एच.२६४ होता, प्रोसेसर निवांत होता, प्लेअरच्या आकडेवारीत एकही फ्रेम गळाली नव्हती. तरी कॅमेरा तुकडीबरोबर फिरला, की ठराविक लयीत हिसके बसत. येथे चौथा टप्पा चुकत होता. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा, आणि संगणक टीव्हीला सेकंदाला ६० वेळा चित्र पाठवत होता. ६० भागिले २५ म्हणजे २.४. एखादी फ्रेम २.४ वेळा दाखवता येत नाही. म्हणून काही फ्रेम दोनदा, तर काही तीनदा दिसतात. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट ५० हर्ट्झ केला. प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा दिसू लागली आणि हिसके थांबले.

लक्षणांवरून दिशा

• आवाज नीट, चित्र उड्या मारते : डिकोडिंग. प्रोसेसरचा भार पाहा.
• आवाज आणि चित्र दोन्ही थांबून पुन्हा सुरू होतात : वाट. वाय-फायऐवजी लॅन केबल लावून पाहा, किंवा फाइल संगणकात उतरवून चालवा.
• दर वेळी त्याच जागी अडकते : फाइल. नवी प्रत घ्या.
• कॅमेरा फिरतानाच ठराविक हिसके : रिफ्रेश रेट.
• सुरुवातीला ठीक, अर्ध्या तासाने अडखळते : उष्णता. प्रोसेसर फार तापला, की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. संगणक बंद करून प्लग काढा आणि मऊ ब्रशने पंख्यावरची धूळ झाडा. ब्लोअर वापरलात, तर पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा.

प्रत्येक तपासणीत तीन नियम पाळा. एका वेळी एकच बदल करा. बदलाआधी आणि नंतर काय दिसले ते वहीत लिहा. उपयोग झाला नाही, तर तो बदल मागे घेऊन मगच पुढे जा. पहिल्या संध्याकाळी मी हे तिन्ही मोडले होते. पालकांनाही विनंती, की नवी खरेदी करण्याआधी ही तपासणी एकदा करून पाहावी. कधी नवा संगणक खरोखरच लागेल, पण मग तो कशासाठी लागतो हे तरी माहीत असेल.

त्या रात्री आजीने पूर्ण परेड पाहिली. सलामी मंचासमोरून तुकडी गेली तेव्हा म्हणाली, "आता कशी सगळ्यांची पावलं जुळली!" पावले आधीही जुळलेलीच होती, हे मी तिला दोनदा सांगितले.