एक खोली की दोन? सदनिका खरेदीपूर्वी करावयाचा विचार

गोव्यातील खेड्यांतल्या जुन्या घरांना ओसरी असते, माजघर असते, देवघर असते. वृद्धांना दुपारी विसाव्यास एक कोपरा व मुलांना अभ्यासास दुसरा, ही सोय तेथे घराच्या रचनेतच असते. नोकरीनिमित्त पणजी, म्हापसा किंवा मडगाव येथे सदनिका घेऊ पाहणाऱ्यास मात्र अशी प्रत्येक सोय चौरस मीटरच्या भावाने विकत घ्यावी लागते. बेताच्या मिळकतीच्या कुटुंबापुढे बहुधा दोन पर्याय असतात. पहिला स्टुडिओ सदनिकेचा. तीत बसणे, निजणे व स्वयंपाक एकाच खोलीत होतो आणि स्नानगृह तेवढे वेगळे असते. दुसरा, स्वतंत्र शयनगृह असलेल्या सदनिकेचा; जाहिरातींत तिला ‘वन बीएचके’ म्हणतात.

भिंतीची किंमत

समजा, स्टुडिओची किंमत २० लाख रुपये व शयनगृहाच्या सदनिकेची २८ लाख रुपये आहे. कुटुंबाजवळ ५ लाखांची शिल्लक असल्यास कर्ज अनुक्रमे १५ व २३ लाखांचे घ्यावे लागेल. दरसाल ९ टक्के व्याजाने २० वर्षांच्या मुदतीस दर लाखामागे मासिक हप्ता सुमारे ९०० रुपये पडतो. म्हणजे एकीकडे हप्ता १३,५०० रुपये, तर दुसरीकडे २०,७०० रुपये. दरमहाचा हा ७,२०० रुपयांचा फरक २० वर्षांत १७ लाखांहून अधिक होतो. किमतीतील ८ लाखांचे अंतर प्रत्यक्षात दुपटीहून अधिक भरते. मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च बँका साधारणतः कर्जाच्या हिशेबात धरीत नाहीत. तो पदरचाच करावा लागतो.

दाराचे मोल

केवळ हिशेबाने पाहता स्टुडिओ स्वस्त ठरतो. एकटा राहणारा कर्मचारी किंवा गावी घर असून शहरात आठवड्याचे चारपाच दिवस काढणारा शिक्षक यांस तो पुरेसाही होतो. तथापि पतिपत्नी, दहावीच्या उंबरठ्यावरील मुलगी आणि उपचारासाठी गावाहून आणावी लागणारी आजी असे कुटुंब असेल, तर चित्र पालटते. आजीस रात्री नऊ वाजता निजावयाचे असते, मुलीस अकरापर्यंत दिवा हवा असतो आणि फोडणीचा धूर दोघींनाही चुकवता येत नाही. अशा घरी बंद करता येणारे एक दार चैनीचे नसून गरजेचे असते. ते नसल्यास आजीला गावीच ठेवण्याचा विचार बळावतो आणि तो कोणीही उघड बोलून दाखवीत नाही.

चटई क्षेत्र स्वतः मोजावे

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ अन्वये चटई क्षेत्रात बाहेरच्या भिंती, सज्जा व खुली गच्ची धरली जात नाही. आतील विभाजक भिंती मात्र धरल्या जातात. म्हणून तुलना चटई क्षेत्राचीच करावी. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार निवासी खोली एकच असल्यास ती किमान ९.५ चौरस मीटरची असावी. दोन असल्यास दुसरी किमान ७.५ चौरस मीटरची व २.१ मीटर रुंद असावी. शयनगृह म्हणून दाखविलेल्या खोलीत खाट ठेवून दार उघडते की नाही, खिडकी बाहेरच्या हवेस आहे की केवळ नळांच्या पोकळीस, हे फीत घेऊन प्रत्यक्ष पाहावे.

त्याच अधिनियमाप्रमाणे विक्रीच्या कराराची नोंदणी होण्यापूर्वी विकासकास किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. प्रकल्पाची नोंदणी, जमिनीचा नमुना १ व १४, भारमुक्ततेचा दाखला आणि तयार इमारत असल्यास ग्रामपंचायतीचा अथवा नगरपालिकेचा भोगवटा दाखला पाहिल्याविना इसार देऊ नये.

निर्णय कसा करावा

आज घरात किती माणसे आहेत यापेक्षा दहा वर्षांनी किती असतील, याचा विचार प्रथम करावा. नंतर हप्ता पाहावा. दरमहा ५०,००० रुपये मिळकत असलेल्या घरास २०,७०० रुपयांचा हप्ता म्हणजे दोन पंचमांशाहून अधिक वाटा होय. आजारपण किंवा शिक्षणाचा खर्च उद्भवल्यास तो पेलणे कठीण जाते. दार हवे पण हप्ता झेपत नाही, अशा वेळी आणखी दोनतीन वर्षे भाड्याने राहून शिल्लक वाढवावी अथवा बसमार्गावरील, शहरापासून थोड्या दूरच्या गावी चौकशी करावी. पुरत नाही असे ठाऊक असूनही स्टुडिओ घेणे आणि पेलत नाही असे ठाऊक असूनही मोठी सदनिका घेणे, या दोन्ही चुका सारख्याच महाग पडतात. इसार देण्यापूर्वी घरातील सर्वांनी, विशेषतः आजीने, ती जागा एकदा पाहिलेली असावी.