कोनशिला बसवण्याआधी



गेल्या वर्षभरात अनेक मंडळ्यांकडून एकच प्रश्न आला : "डोंगरातल्या पाड्यांसाठी आपण दवाखाना कधी बांधणार?" या प्रश्नामागचे प्रेम मी जाणते. काही कुटुंबांनी त्यासाठी अर्पण बाजूला काढून ठेवले आहे, हेही मला माहीत आहे. म्हणून या अंकातील पाठ याच विषयावर घेत आहे. पण सुरुवातीला मला एक कबुली द्यायची आहे.

पंधराएक वर्षांपूर्वी मी सातपुड्याच्या भागात सेवा करत होते. तेथे आम्ही चार खोल्यांचे प्रसूतिगृह बांधले. बांधकाम समितीची चिटणीस मीच होते. समर्पणाची उपासना झाली, फीत कापली, प्रीतिभोजन झाले. पहिल्या वर्षी दोन परिचारिका होत्या, पण त्यांच्या राहण्याची सोय आम्ही केलीच नव्हती. एक लग्न होऊन गेली. दुसरी रात्री एकटी थांबायला तयार होईना, आणि तिचे काही चुकत नव्हते. उन्हाळ्यात बोअर आटली. तिसऱ्या वर्षी दाराला कुलूप लागले.

त्याच पावसाळ्यात वरच्या पाड्यावरच्या एका बाईला बांबूच्या झोळीत घालून चार माणसे रात्री खाली आली. आमचे कुलूप पाहिले आणि तशीच पुढे सरकारी रुग्णालयाकडे निघाली. आई वाचली, बाळ वाचले नाही. पुढे तिचा नवरा मला भेटला. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, "ताई, ती इमारत नसती तर आम्ही दुसऱ्या वाटेने सरळ डांबरी रस्त्याला लागलो असतो."

लूककृत शुभवर्तमानाच्या 14 व्या अध्यायात बुरूज बांधू पाहणाऱ्या मनुष्याचा दाखला आहे. तो आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, नाहीतर पाया घातल्यावर काम अडते आणि पाहणारे हसतात. आम्हीही हिशेब केला होता, पण फक्त विटा, सिमेंट आणि पत्र्यांचा. इमारत पूर्ण झाली, म्हणून कोणी हसले नाही. लोकांनी तिच्यावर विश्वास ठेवला. नुकसान त्या विश्वासामुळे झाले. तेव्हा आता हा हिशेब नीट शिकू या.

1. आधी ऐकावे

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. 1970 साली ते जामखेडला आले. त्यांच्या कामाची सुरुवात गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत झाली. लोकांना विचारले तेव्हा लोकांनी औषधाआधी अन्न आणि पाणी सांगितले. म्हणून आरोग्याच्या कामाबरोबर पाण्याचे आणि शेतीचे कामही उभे राहिले. गावांनी आपल्यातल्याच स्त्रिया निवडून दिल्या. त्यांतील कितीतरी जणींना अक्षरओळखही नव्हती. त्याच पुढे गावच्या आरोग्यसेविका झाल्या.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गोंड बांधवांना त्यांचा दवाखाना कसा असावा, हे विचारले. नातेवाइकांना बाहेर थांबवणाऱ्या मोठ्या इमारतीची त्यांना भीती वाटत होती. म्हणून तेथे झोपड्यांसारखी रचना झाली आणि रुग्णाजवळ त्याची माणसे राहू लागली.

आपल्या भागात काय विचारावे? वर्षातले कोणते महिने तुम्ही पाड्यावर असता? दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात आणि होळीला परततात. त्यांच्यासाठी बांधलेला दवाखाना त्या काळात कोणाला उपयोगी पडणार? आजारी माणसाला भगताकडे कधी नेता, रुग्णालयात कधी? बाईला कोठे न्यायचे, हे घरात कोण ठरवते? स्त्रियांची बैठक वेगळी घ्यावी आणि त्यांच्याच बोलीत घ्यावी. पुरुषांसमोर मराठीत विचारले तर त्या मान हलवतात आणि उत्तर घरी घेऊन जातात.

2. जवळ काय आहे, ते पाहावे

सरकारी निकषाप्रमाणे आदिवासी व डोंगराळ भागात 3,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि 20,000 लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे. सपाटीवर हेच आकडे 5,000 आणि 30,000 आहेत. आपल्या पाड्यांपासून ही केंद्रे किती अंतरावर आहेत, रात्री उघडी असतात का, हे स्वतः जाऊन पाहावे. वैद्यकीय अधिकाऱ्यांशी आणि आशाताईंशी बोलावे.

बाळंतपणात जीव जातो तेव्हा साधारणपणे तीन उशीर कारणीभूत असतात. घरात निर्णय घ्यायला झालेला, रुग्णालयापर्यंत पोहोचायला झालेला, आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला झालेला. नव्या इमारतीमुळे दुसरा उशीर थोडा कमी होतो. पहिला कमी होतो तो पाड्यावरच्या विश्वासू बाईमुळे, आणि तिसरा आतल्या माणसांमुळे. महाराष्ट्रात आदिवासी भागातील काही आरोग्य केंद्रांत 'माहेरघर' योजना आहे. दिवस भरत आलेली बाई आधीच तेथे येऊन राहू शकते. ते माहेरघर जवळ असेल, तर बायकांना वेळेवर तेथे नेणे, मागे राहिलेल्या मुलांना सांभाळणे, हीच कदाचित आपली खरी सेवा असेल.

3. माणसे मोजावीत

एक परिचारिका चोवीस तास हजर हवी, असे आपण सहज म्हणतो. आता मोजू या. दिवसाच्या तीन पाळ्या, म्हणजे आठवड्याच्या एकवीस. एका व्यक्तीने आठवड्याला सहा पाळ्या केल्या तरी चार जणी लागतात. रजा आणि आजारपण धरले तर पाच. म्हणजे एक खुर्ची भरलेली ठेवायला पाच पगार आणि पाच जणींची राहण्याची सोय. आम्ही दोघींवर भागवू पाहत होतो.

इमारतीचा खर्च एकदाच येतो. पगार, औषधे, वीज आणि दुरुस्ती यांचा खर्च दर महिन्याला येतो. आराखडा काढण्याआधी पहिल्या पाच वर्षांचा चालू खर्च कागदावर मांडावा. तो कोठून येणार, हे नावानिशी लिहावे. "प्रभू पुरवील" हा आपला विश्वास आहे, पण जमाखर्चाच्या वहीत तो रकाना नसतो.

4. पाणी आणि वीज

भारतीय मानकांप्रमाणे 100 खाटांपर्यंतच्या रुग्णालयाला दर खाटेमागे दिवसाला 340 लीटर पाणी धरतात. दहा खाटांना 3,400 लीटर झाले. दहा हजार लीटरचा टँकर तीन दिवसही पुरत नाही. म्हणून विहिरीचे किंवा बोअरचे पाणी मे महिन्यात मोजावे. ऑगस्टमध्ये मोजलेल्या पाण्यावर योजना आखू नये.

प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात. ते 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. वीज गेली आणि फ्रीज बंद पडला, तर औषध दिसायला तसेच राहते, पण त्याचा जोर कमी होतो. म्हणून सौरऊर्जेची सोय पहिल्याच अंदाजपत्रकात हवी.

5. जमीन आणि परवाने

पाड्यावरचा एखादा भाऊ प्रेमाने म्हणतो, "माझी जमीन घ्या." ती तशी घेता येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगरआदिवासीच्या किंवा संस्थेच्या नावावर होत नाही. हा कायदा त्याच्याच रक्षणासाठी आहे आणि आपण त्याचा मान राखला पाहिजे. अनुसूचित क्षेत्रात 1996 च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला विशेष अधिकार दिले आहेत. म्हणून सरपंचाची तोंडी संमती पुरेशी समजू नये. ग्रामसभेत विषय उघडपणे मांडावा.

रुग्णालयाची नोंदणी 1949 च्या नर्सिंग होम कायद्याखाली करावी लागते. सुया, रक्ताळलेला कापूस, वार यांची विल्हेवाट 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे लावावी लागते. सोनोग्राफी यंत्र ठेवायचे तर त्याची नोंदणी वेगळी. परदेशातून देणगी घ्यायची तर परकीय योगदान कायद्याखालची नोंदणी हवी. या प्रत्येक कामाला महिने लागतात. उद्घाटनाची तारीख त्यानंतर ठरवावी.

आणखी एक गोष्ट स्वच्छ असावी. आपल्या दवाखान्यात उपचाराला धर्माची अट असणार नाही, आणि हे ग्रामसभेत पहिल्याच दिवशी सांगावे.

6. लहान सुरुवात करावी

पहिले वर्ष भाड्याच्या खोलीत आठवड्यातून एक दिवस दवाखाना चालवावा, ठरलेल्या वारी, पाऊस असो वा सण. कोण आले, कोठून आले, कशासाठी आले, कोणाला पुढे पाठवावे लागले, हे नोंदवहीत लिहावे. वर्षाअखेर ती वहीच सांगेल की खोल्या हव्यात, गाडी हवी, की पाड्यावर शिकलेली एक बाई हवी.

आता आपले काय?

आमच्या समितीने ठरवले आहे की यंदा कोनशिला बसवायची नाही. काहींना वाईट वाटेल. देणगीदाराच्या नावाची पाटी भिंतीवर लावता येते, परिचारिकेच्या पगारावर लावता येत नाही, हे मला समजते. तरीही मी हात जोडून विनंती करते : बांधकामासाठी काढून ठेवलेले अर्पण एका परिचारिकेच्या पगारासाठी द्यावे, आणि शक्य असेल त्या मंडळीने पाच वर्षांसाठी दरमहा ठरावीक रक्कम कबूल करावी. रक्कम लहान असली तरी चालेल, मात्र ती दर महिन्याला यावी.

त्या रात्री झोळी घेऊन आलेल्या चौघांना आमची भिंत दिसली आणि कुलूप दिसले. पुढच्या वेळी जो कोणी खाली येईल, त्याला दिवा लावून जागी असलेली बाई दिसावी.

मंडळीत चर्चेसाठी

1. आपण बांधलेली कोणती वास्तू आज कमी वापरात आहे? तिचा चालू खर्च आधी मोजला होता का?
2. दाखल्यातला मनुष्य आधी बसतो. घाईने उभे राहण्याचा मोह आपल्याला कोठे होतो?
3. आपली मंडळी पाच वर्षे न चुकता काय देऊ शकेल?

प्रार्थनेसाठी

पाड्यांवरच्या गरोदर भगिनींसाठी, रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकांसाठी व आशाताईंसाठी, आणि सुरू केलेले काम शेवटास नेण्याची चिकाटी आपल्याला मिळावी म्हणून.