लग्नाचे अंदाजपत्रक

मुलीचे लग्न ठरले की मांडव व वाजंत्री यांची चर्चा आधी होते, आकडेमोड मागाहून. आमच्या मते हा क्रम उलटा असावा. आदिलाबादकडील पुष्कळ घरांत पैसा येतो तो कपाशीचा. दिवाळीनंतर तो हाती पडतो, वैशाखात लग्नात सरतो, आणि मृगाच्या पेरणीला बियाणे-खत उधारीने आणावे लागते. म्हणून पेरणीची रक्कम प्रथम वेगळी काढावी. उरेल तेवढ्यात कार्य बसवावे.

खर्चाचे मूळ पंगतीत आहे. समजा, पान १५० रुपयांचे व पाने ४००. ६०,००० रुपये झाले. भिडेखातर १५० माणसे वाढली, की २२,५०० रुपये अधिक. (मानपानाचे आहेर निराळेच!) यास्तव पत्रिका छापण्यापूर्वीच दोन्ही व्याह्यांनी एकत्र बसून यादी कायम करावी. हुंड्याचे सदर मात्र त्या कागदावर नकोच. १९६१ च्या कायद्याने तो गुन्हा ठरला आहे.

तेलंगण शासनाची कल्याणलक्ष्मी योजना २०१४ साली सुरू झाली. २०१८ पासून पात्र कुटुंबास १,००,११६ रुपये मिळू लागले. वधूस १८ वर्षे पूर्ण हवीत. परंतु ही रक्कम हाती येण्यापूर्वी तिच्या भरवशावर कर्ज काढल्यास व्याज आपल्याच कपाशीतून जाते.