आरोग्यसंवादाची भाषा : ऊसतोड कामगार आणि क्षयरोग तपासणी

पारिभाषिक संज्ञा कशा घडतात हे आपण मागील उपघटकात पाहिले. अशी संज्ञा प्रत्यक्ष माणसासमोर उच्चारली जाते तेव्हा काय घडते, हे आता पाहू.

दिवाळीच्या सुमारास बीड व लगतच्या जिल्ह्यांतील कामगार ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुकादमाकडून उचल घेतलेले पती-पत्नी मिळून एक 'कोयता' मोजला जातो. खाडा झाला की पैसे कापले जातात, म्हणून दवाखाना लांबणीवर पडतो. औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगाचा नेहमीचा उपचार ६ महिन्यांचा असतो आणि हंगामही जवळजवळ तेवढाच. गावी औषध सुरू झालेला रुग्ण मध्येच फडावर निघून जातो. 'निक्षय' या संगणकीय नोंदप्रणालीतून त्याची नोंद दुसऱ्या आरोग्यकेंद्राकडे पाठवता येते. मात्र तो निघणार आहे, हे वेळेवर कळायला हवे.

येथे भाषेचा प्रश्न येतो. 'दोन आठवड्यांपेक्षा अधिक काळ खोकला आहे का?' हा तपासणीतील मुख्य प्रश्न. पाचटाची धूळ आणि कोपीतल्या चुलीचा धूर यांत राहणाऱ्याला खोकला हा आजार वाटतच नाही. तो सहज 'नाही' म्हणतो. 'दोन बाजार झाले, खोकला थांबला का?' किंवा 'अंगावरचे कपडे सैल झाले का?' असे विचारल्यास उत्तर बदलू शकते.

याहून बोलके उदाहरण 'थुंकी' या शब्दाचे. थुंकीची तपासणी म्हटल्यावर रुग्ण डबीत लाळ देतो. तपासणीला मात्र छातीतून खोकून काढलेला बेडका हवा असतो. लाळेच्या नमुन्यात जंतू न सापडण्याचा संभव मोठा. मग रोगी असूनही माणूस निरोगी ठरतो आणि कोपीतल्या लेकरांजवळ खोकत राहतो. 'बेडका' हा शब्द अशिष्ट म्हणून टाळणे मला तरी परवडणारे वाटत नाही.

'संशयित' ही संज्ञाही अशीच. तिला पोलीसचौकीचा वास येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये तिचा इंग्रजी प्रतिशब्द बदलला. मराठी बोलण्यात ती अजून ऐकू येते.

स्वयं-अध्ययन : आपल्या परिसरातील आरोग्यविषयक एक फलक निवडा. त्यातील कोणते शब्द स्थलांतरित कामगाराला वेगळ्या अर्थाने कळतील, ते लिहा आणि पर्यायी वाक्ये तयार करा.