झड लागली आणि शेवगा गेला

माझा पहिला शेवगा उन्हाने नाही, पाण्याने मेला. वाशिममध्ये राहून हे सांगताना लाजच वाटते. एकबुर्जी धरणात पाणी किती उरलं, नळ आता कितव्या दिवशी येणार, याच गप्पा उन्हाळाभर ज्या गावात चालतात, तिथे मी झाड बुडवून मारलं.

घरामागे १० बाय १२ची सांदवाडी आहे. तिथे मला असं काही हवं होतं की दरवर्षी नव्याने लावायला नको, पाणी फार मागू नये आणि फुलांचीसुद्धा भाजी व्हावी. शेवगा यात चोख बसतो. हातभर उंचीचं रोप आणलं, काळ्या मातीत २ फूट खोल खड्डा घेतला, त्यात तीन घमेली शेणखत ओतलं, तेही अर्धं कच्चं. मे महिना, पारा ४३वर. जीव राहवेना म्हणून रोज सकाळी एक बादली पाणी, कधी संध्याकाळीही.

शेजारच्या आजी कुंपणावरून बघायच्या. एकदा म्हणाल्या, "काऊन वं माय, झाडाले पाजू राहिली का बुडवू राहिली?" मी हसले. जुलै संपता संपता झाड माझ्या डोक्यावर गेलं होतं, मग चूक कसली?

ऑगस्टात झड लागली. चार दिवस सूर्य दिसला नाही. मग पानं पिवळी पडली, बुंधा जमिनीलगत मऊ झाला आणि एका सकाळी झाड कुंपणावर आडवं. उपटायला ओढलं तर नासलेल्या मुळ्यासारखं मूळ हातात आलं. वासही मुळ्याचाच, उग्र. (या वासापायी इंग्रज शेवग्याचं मूळ किसून जेवणात तोंडीलावणं म्हणून घ्यायचे. तुम्ही घेऊ नका. मूळ आणि त्याची साल यांत विषारी द्रव्यं असतात.)

शेवगा मूळचा हिमालयाच्या पायथ्याचा, जिथे पाणी पडतं आणि निघून जातं. त्याचं सोटमूळ रोपपणीच फुगतं आणि पाणी साठवून ठेवतं. त्याच्या जोरावर तो उन्हाळे काढतो, फारच ताण पडला तर पानं गाळून बसतो. पण तेच रसाळ मूळ साचल्या पाण्यात सडतं. आणि आमची काळी माती पाणी सोडतच नाही. तिच्यात घेतलेला खड्डा म्हणजे वाटी. मी ती वाटी खताने भरली आणि वरून पाऊस झाला. बरं, वाशिमला पाऊस कमी असतो असंही नाही. तो थोड्या महिन्यांत कोसळतो आणि उरलेलं वर्ष आपण त्याची आठवण काढतो. तेव्हा कमी पाण्यावरचं झाड लावणाऱ्याने इथे मे महिन्याची काळजी करू नये, ऑगस्टची करावी.

लावण्याआधी एक करून बघा. खड्डा काठोकाठ पाण्याने भरा आणि सकाळी जाऊन पाहा. पाणी दिसलं तर त्या जागी शेवगा नाही. दुसरी जागा नसेल तर जमिनीच्या वर चढा: मुरूम, पोयटा आणि कुजलेलं खत मिसळून दीड फूट उंच ढीग करा आणि त्यावर लावा. माझं दुसरं झाड असंच आहे.

ते मी बियांपासून केलं. फांदी रोवूनही शेवगा येतो, पण त्याला सोटमूळ नसतं, वाऱ्यात कलतो. बी पीकेएम-१ या वाणाचं होतं. तामिळनाडूच्या पेरियाकुलम इथून १९८९मध्ये आलेला हा वाण बियांपासून सहाएक महिन्यांत शेंगांवर येतो. आपल्याकडे दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा कोकण रुचिराही आहे. पीकेएमच्या शेंगेतलं बी राखून पुन्हा लावलं तर मूळ झाडासारखं निघेलच असं नाही, कारण मधमाश्या शेजारपाजारचा पराग आणतात. जुनं बी तर नीट उगवतही नाही.

दुसऱ्या झाडाला मी बुडवलं नाही, लाडावलं. युरियाची मूठ आणि दिवाळीनंतरही दर दोन दिवसांनी पाणी. पाला असा आला की बघत राहावं, फूल एक नाही. आता पाऊस संपला की पाणी तोडते, कळ्या दिसल्यावर आठवड्याला थोडंच देते. एकदम भरपूर दिलं तर कळ्यांचा सडा पडतो, तोही अनुभव घेऊन झाला.

शेंडा खुडायलाही मी विसरले. झाड कमरेएवढं झालं की शेंडा खुडावा आणि दरवर्षी शेंगा संपल्या की छाटून पुन्हा तेवढंच ठेवावं. माझं छपराच्या वर गेलं. मुलगा वर चढला, फांदी काकडीसारखी मोडली. तो वाचला, टिनाचं छप्पर चेपलं. शेवगा दारात लावू नये, असं आजी म्हणायच्या तेव्हा मला ती अंधश्रद्धा वाटायची. पण लाकूड ठिसूळ, आणि पावसाळ्यात बुंध्यावर केसाळ अळ्यांचे झुबके; अंगाला लागल्या की खाज सुटते. दारात कशाला हवं ते? अळ्या दिवसा बुंध्यावर एकत्र बसतात, तेव्हाच लांब दांड्याच्या झाडूने साबणाच्या पाण्यात पाडाव्या. भाजीचं झाड, फवारा मारायला हात धजत नाही.

यंदा जानेवारीत बहर आला. हाताला येणाऱ्या खालच्या फांद्यांची फुलं आम्ही खातो, वरची शेंगांसाठी सोडतो. सकाळी अर्धी उमललेली खुडायची, मिठाच्या पाण्यात घालायची म्हणजे मुंग्या निघतात, उकळत्या पाण्यातून काढून पिळायची. मग कांदा, लसूण, तिखट, आणि हरभऱ्याच्या डाळीचा भरडा जरा सढळ हाताने, नाहीतर कडवटपणा राहतो. पहिली वाटी कुंपणापलीकडे दिली. आजींनी चाखली आणि विचारलं, "आता तं पाणी नाही ना पाजत?"