वेटलिस्ट हलेपर्यंत

एमबीए प्रवेशाची मुलाखत वाईट गेली म्हणून कुणाचं मोठं नुकसान झालं, असं मी फारसं पाहिलेलं नाही. एक जागा हुकली, दुसरी मिळाली, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा कॅट दिली. खरं नुकसान होतं ते मुलाखत आणि अंतिम निकाल यांच्यामधल्या महिन्यांत, आणि ते पैशांचं आणि कागदपत्रांचं असतं. आमच्या घरी ते झालं. मी आता पुण्यात नोकरी करते आणि फेब्रुवारी आला की सांगली-मिरजेकडच्या मुलामुलींच्या सराव मुलाखती घेते. पॅनेल काय विचारतं, हे जाणून घ्यायला सगळे येतात. पॅनेलसमोरून उठल्यावर काय करायचं, हे मात्र कुणी विचारत नाही.

तरी आधी मुलाखतीबद्दल, कारण तिची भीती उगाचच फार आहे.

कॅट नोव्हेंबरअखेर होते, निकाल डिसेंबर-जानेवारीत लागतो आणि मग कॉल येऊ लागतात. आयआयएमच्या मुलाखती जानेवारी ते एप्रिल अशा चालतात. समोर दोन-तीन जण असतात, वेळ साधारण वीस मिनिटं. मी मेकॅनिकलची, त्यामुळे थर्मोडायनॅमिक्स आणि नुकताच आलेला अर्थसंकल्प असा जामानिमा घेऊन गेले होते. पॅनेलवरच्या सरांनी माझा फॉर्म उलटला आणि 'वडिलांचा व्यवसाय' या ओळीवर बोट ठेवलं. बाबा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी. सांगलीत एवढी हळद पिकते का, हा पहिला प्रश्न. पिकते त्याहून कितीतरी जास्त बाहेरून येते, मराठवाड्यातून, कर्नाटकातून, तेलंगणातून, असं मी सांगितलं. मग सौदा कसा निघतो, अडत्याला काय मिळतं, एनसीडीईएक्सवरचा वायदा वर गेला की यार्डातल्या बोलीवर काय परिणाम होतो, २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं त्याचा शेतकऱ्याला उपयोग काय, अशी गाडी सुरू झाली. इंजिनिअरिंगचा म्हणावा असा एकच प्रश्न आला, तोही हळदीतूनच. हरिपूरच्या पेवांचं नाव मी काढलं होतं. जमिनीखालच्या त्या खड्ड्यात हळद वर्षानुवर्षं टिकते कशी, असं त्यांनी विचारलं. तोंड बंद केलेल्या पेवात प्राणवायू कमी होतो, कीड जगत नाही. म्हणूनच पेव उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नाही, आधी हवा बदलू देतात. हे मी पुस्तकात वाचलेलं नव्हतं, बाबांकडून ऐकलेलं होतं.

यातून मुलांना मी एवढंच सांगते: फॉर्ममधल्या प्रत्येक शब्दाला चार वेळा 'का' आणि 'कसं' विचारा. छंदाच्या रकान्यात 'वाचन' लिहायचं आणि शेवटचं पुस्तक कोणतं म्हटल्यावर छताकडे बघायचं, यापेक्षा तो रकाना रिकामा सोडलेला बरा. गाव, जिल्हा, नदी, पीक, कारखाना, धरण यांवर प्रश्न येतातच. सांगली-कोल्हापूरचं पोर २०१९ च्या पुराबद्दल आणि अलमट्टीच्या वादाबद्दल दोन वाक्यंही बोलू शकत नसेल, तर पॅनेलने त्याच्याकडून काय समजून घ्यायचं? राहिला इंग्रजीचा प्रश्न. दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात शिकले, माझे उच्चार आजही सांगलीचेच आहेत. अडखळलेलं चालतं. पाठ केलेलं मात्र लगेच कळतं, हे आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसल्यावर मला अगदी पटलंय. क्लासवाल्यांनी दिलेलं 'मला एमबीए का करायचंय' हे उत्तर मी इतक्यांकडून शब्दशः ऐकलंय, की पुढचं वाक्य मीच म्हणून दाखवू शकते.

मुलाखत छान झाली. निकाल आला तो वेटलिस्टचा.

यात रडण्यासारखं काही नव्हतं, पण ते मला तेव्हा कळत नव्हतं. अंतिम गुणांकनात मुलाखत हा एक भाग असतो. कॅटचे गुण, दहावी-बारावी-पदवीचे गुण, नोकरीचा अनुभव, लेखी चाचणी यांचं वजन प्रत्येक संस्था आपापल्या प्रवेश धोरणात छापते. ते धोरण फॉर्म भरतानाच वाचायचं असतं. वर्गात पहिला येणारा मागे आणि बेताचा पुढे कसा गेला, याचं उत्तर बहुतेक वेळा त्या तक्त्यात सापडतं, पॅनेलच्या मनात शोधावं लागत नाही.

वेटलिस्ट हलते तीही नशिबाने नाही. एकाच मुलाकडे चार-पाच संस्थांचे होकार असतात. अहमदाबाद, बंगळूर, कलकत्त्याचे निकाल लागले आणि त्यांची पैसे भरायची मुदत संपली, की तिथे गेलेल्यांनी खालच्या जागा सोडलेल्या असतात. मग लखनौ, कोझिकोड, इंदूर, आणि त्यांच्यामागून नव्या आयआयएम. ही साखळी एप्रिल-मेपासून जून संपेपर्यंत, कधी त्याहीपुढे चालते. यादी प्रवर्गनिहाय असते, म्हणून शेजारच्याचा नंबर आणि आपला नंबर यांची तुलना करू नये. मागच्या वर्षी आपल्या प्रवर्गात यादी कुठे थांबली, हा एकच आकडा थोडाफार उपयोगाचा. आणि एक साधी गोष्ट: अर्जात कॉलेजने दिलेला ई-मेल पत्ता देऊ नका. पदवी झाली की ते खातं बंद पडू शकतं, आणि पैसे भरायची मुदत सांगणारी मेल नेमकी तिथेच जाऊन पडते.

आता आमच्या घरी झालं ते.

वेटलिस्ट जागची हलत नव्हती आणि त्याच सुमारास एका खासगी संस्थेचा होकार आला. अमुक तारखेपर्यंत पहिला हप्ता भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला, असा फोन रोज. फोन करणारी व्यक्ती गोड बोलायची, बाबांना 'अंकल' म्हणायची. बँकेचं कर्ज इतक्या घाईत मंजूर होत नसतं. बाबांनी शेठकडून उचल घेतली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या उचलीच्या नोंदी लिहिणाऱ्या माणसाने स्वतःचं नाव त्या वहीत लिहिलं. पैसे भरले, आणि मग पडताळणीच्या नावाखाली शाळा सोडल्याच्या दाखल्यासह सगळी मूळ कागदपत्रं त्यांनी ठेवून घेतली.

जूनमध्ये यादी हलली आणि मला एका नव्या आयआयएममध्ये जागा मिळाली. हातात मोजके दिवस, मूळ कागदपत्रं दुसरीकडे. खासगी संस्थेने सांगितलं, फी परत मिळत नाही, माहितीपुस्तिकेत लिहिलंय, तुम्ही सही केली आहे.

लिहिलेलं होतं, पण ते नियमाविरुद्ध होतं. एआयसीटीईची मान्यता असलेल्या संस्थेत अभ्यासक्रम सुरू होण्याआधी प्रवेश सोडला, तर प्रक्रिया शुल्क म्हणून जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकी सगळी फी परत द्यावी लागते, आणि मूळ दाखले अडकवून ठेवता येत नाहीत. विद्यापीठं आणि त्यांच्या महाविद्यालयांसाठी यूजीसीची ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना आहे. प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या पंधरा दिवस आधी किंवा त्याहूनही आधी माघार घेतली तर पूर्ण परतावा (त्यातून फार तर फीच्या ५ टक्के, तेही ५,००० रुपयांपर्यंतच कापता येतात), मग ९० टक्के, ८० टक्के, ५० टक्के अशी उतरती भाजणी, आणि अंतिम तारखेनंतर तीस दिवस उलटले की काही नाही. म्हणजे इथे एकेका दिवसाला किंमत आहे. आयआयएम एआयसीटीईच्या कक्षेत येत नाहीत. त्यांचे माघारीचे नियम आणि तारखा त्यांच्या होकारपत्रात असतात, ते वेगळे वाचावे लागतात.

मी नियमाचा हवाला देऊन लेखी अर्ज केला, त्याची प्रत एआयसीटीईच्या तक्रार विभागाला पाठवली. दाखले लगेच मिळाले. पैशांसाठी दिवाळी उजाडली, तेही 'नोंदणी शुल्क' नावाची एक रक्कम वगळून. तोवर बाबांच्या पगारातून उचल कापली जात होती. फोनवर भांडून काहीच झालं नव्हतं, हे ध्यानात ठेवा. माघार ई-मेलवर, तारखेसह घ्या, आणि पोच मागा.

कागदांचा दुसरा घोळ माझ्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये दर वर्षी दिसतो. ओबीसीचं राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र केंद्रीय संस्थांत चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातलं, चालू आर्थिक वर्षातलं लागतं, आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्याचं एसईबीसी आरक्षण तर आयआयएमला लागूच नाही. तहसील कचेरीत हा फरक समजावून सांगायला वेळ जातो, म्हणून कॉलची वाट न बघता आधीच कामाला लागा. नावाचंही तसंच. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठे वडिलांचं नाव आहे, कुठे नाही. सगळीकडे सारखं करून घ्या, निदान प्रतिज्ञापत्र तरी तयार ठेवा. शेवटच्या सत्राचा निकाल रखडला असेल तर प्राचार्यांचं पत्र लागतं, आणि प्राचार्य मे महिन्यात हमखास रजेवर असतात.

राज्याची एमबीए सीईटी दिली असेल, तर तीही हाताशी ठेवा. तिथल्या कॅप फेऱ्यांत मुलाखत नसते आणि अलीकडे त्या बऱ्याच उशिरा चालतात. आयआयएमची यादी थांबल्यावरही तो रस्ता बहुधा उघडा असतो. रोज कुणीतरी फोन करतंय एवढ्यासाठी ही शक्यता सोडू नका.

घरच्यांसाठी एकच. "झालं का गं काही?" हा प्रश्न आत्या-मावश्यांनी विचारला तर समजू शकतं; आई-वडिलांनी रोज विचारू नये. त्याऐवजी मुलांसोबत बसून एक कागद करा: कोणत्या संस्थेची पैसे भरायची शेवटची तारीख कोणती, माघारीची कोणती, परतावा किती. आणि कुठेही पहिला रुपया भरण्याआधी परताव्याचा नियम त्यांच्याकडून लेखी मागा. द्यायला टाळाटाळ करत असतील, तर तिथे पैसे भरू नका.